घरच्या कॉम्प्युटरला लिनक्स चालेल का?

"कॉम्प्युटर व्यवस्थित चालतोय, मग तो जुना झाला हे ठरवलं कोणी?" धार किंवा देवासमधल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने हा प्रश्न विचारला तर तो अगदी रास्त आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली, पण ती मुदतवाढ झाली, उपाय नव्हे. विंडोज ११ घ्यावी तर तिच्या अटी कडक. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१८ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीन्स बाद.

अशात इंदूरला शिकणारा भाचा सुट्टीला घरी येतो आणि म्हणतो, "मामा, लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, व्हायरस लागत नाही." बाजारातला दुकानदार म्हणतो, "लिनक्समध्ये काही चालत नाही हो. नवा लॅपटॉप घ्या." दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे आणि दोघांनीही निम्मी गोष्ट सांगितलेली नाही. ती पूर्ण करायची तर आधी ऑपरेटिंग सिस्टीम नेमकं काय करते ते समजून घेऊ, मग लिनक्स म्हणजे काय ते पाहू, आणि शेवटी आपल्या घरातल्या कामांची झाडाझडती घेऊ.

१. एक गाव, दोन कारभार

ऑपरेटिंग सिस्टीम समजून घ्यायला देवासचा इतिहास कामाला येतो. १७२८ च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन भावांनी देवासचं राज्य उभं केलं. पुढे त्याची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली, पण राजधानीचं गाव एकच राहिलं. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीच्या अंमलाखाली, दुसरी बाजू दुसरीच्या. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा दोन्हीकडे वेगळी.

कॉम्प्युटरचं यंत्र म्हणजे ते गाव. स्क्रीन, कीबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे सगळं गावात असतं, पण आपणहून काही करत नाही. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, प्रिंटरकडे आधी कोणाचा कागद जाणार, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. विंडोज हा एक कारभार, लिनक्स हा दुसरा, ॲपलचा मॅकओएस हा तिसरा. वर्ड, टॅली, क्रोम, फोटोशॉप ही त्या कारभाराखाली चालणारी दुकानं.

एवढं लक्षात आलं की तीन गोष्टी उलगडतात.

पहिली: कारभार बदलला म्हणून गाव बदलत नाही. लिनक्स टाकायला नवं मशीन लागत नाही.

दुसरी: एका पातीचा परवाना दुसऱ्या पातीत चालत नाही. विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम लिनक्सवर डबलक्लिक केला तर उघडणार नाही. त्या प्रोग्रामची लिनक्ससाठीची वेगळी आवृत्ती असायला हवी, किंवा तेच काम करणारा दुसरा प्रोग्राम हवा. 'वाइन' नावाचा एक मधला दुभाष्या असतो. तो विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवून दाखवतो, पण कोणता चालेल आणि कोणता अडेल याची हमी नसते. रोजच्या कामासाठी त्याच्यावर विसंबू नये.

तिसरी: एकाच मशीनवर दोन्ही कारभार ठेवता येतात. याला ड्युअल बूट म्हणतात. फरक इतकाच की देवासात दोन्ही पात्या एकाच वेळी नांदत होत्या. कॉम्प्युटर सुरू करताना मात्र दोघांपैकी एकाला निवडावं लागतं.

२. लिनक्स कोणाचं?

२५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत. त्याने लिहिला तो गाभा, म्हणजे कर्नल. यंत्राशी थेट व्यवहार करणारा हा सर्वांत आतला भाग. त्याच्याभोवती लागणारी बरीचशी साधनं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार होत आली होती. दोन्ही एकत्र आल्यावर वापरण्याजोगी सिस्टीम झाली. तिचा मूळ प्रोग्राम कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा अशी परवानगी तिच्या परवान्यातच आहे. त्यामुळे ती फुकट मिळते आणि हजारो लोक व कंपन्या मिळून ती सुधारत राहतात.

नुसता गाभा घरी वापरता येत नाही. त्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिसचे प्रोग्राम चढवून कोणीतरी तयार संच द्यावा लागतो. अशा संचाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, बोलताना 'डिस्ट्रो'. डेबियन १९९३ चं, उबुंटू २००४ चं, लिनक्स मिंट २००६ चं. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये 'बॉस' नावाचा संच काढला. नवशिक्याने शंभर नावांच्या जंगलात शिरू नये. विंडोजची सवय असलेल्या माणसाला लिनक्स मिंट सर्वांत जवळचं वाटतं: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. त्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

"आम्ही कधी लिनक्स पाहिलंही नाही," असं म्हणणाऱ्याच्या खिशात बहुधा लिनक्सच असतं. अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर आहे. लिनक्स भक्कम आहे का, हा वाद कधीच मिटला. आपल्या टेबलावर ते सोयीचं पडेल का, एवढंच ठरवायचं उरलं आहे.

३. कामांचे तीन गठ्ठे

ते ठरवायला कॉम्प्युटरचं ज्ञान लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. घरातला कॉम्प्युटर आठवडाभर कशाकशासाठी लागला ते लिहून काढा. ही कामं तीन गठ्ठ्यांत पडतील.

पहिला गठ्ठा ब्राउझरचा. मेल, यूट्यूब, वर्तमानपत्रं, बँक, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सॲप वेब, गूगल मीटवरून पुण्याच्या मुलीशी बोलणं, समग्र पोर्टलवरची माहिती पाहणं, कॉलेजचे अर्ज. क्रोम आणि फायरफॉक्स लिनक्सवरही तसेच्या तसे मिळतात. इथे काहीच अडत नाही. काही ओटीटी सेवा लिनक्सवर चित्र थोड्या कमी दर्जाचं देतात, एवढाच काय तो फरक.

दुसरा गठ्ठा पर्यायांचा. वर्ड-एक्सेलऐवजी लिबरऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी, फोटो सुधारायला गिंप, चित्रं काढायला इंकस्केप. साधी पत्रं, अर्ज, हिशेबाचे तक्ते, भिशीची यादी यांना लिबरऑफिस भरपूर आहे. ते वर्डच्या फाइली उघडतं आणि त्याच स्वरूपात साठवतं. पण एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या सूचना, लिहून ठेवले असतील, तर ते चालतीलच असं नाही.

तिसरा गठ्ठा अडकलेल्या कामांचा. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांचं कोरलड्रॉ, फोटोग्राफरचं फोटोशॉप, इंजिनिअरचं ऑटोकॅड यांच्या डेस्कटॉप आवृत्त्या लिनक्ससाठी निघत नाहीत. आधारचा अंगठा घेणाऱ्या यंत्रांची सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात. डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या टोकनचे ड्रायव्हर काही वेळा लिनक्ससाठी मिळतात, काही वेळा नाहीत. म्हणून एमपी ऑनलाइनचं कियॉस्क चालवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. ग्राहक काउंटरवर उभा असताना यंत्राने अंगठा नाकारला, तर "मी फ्री सॉफ्टवेअर वापरतो" हे उत्तर त्याला पटणार नाही.

माझं म्हणणं इथेच सांगून टाकतो. लिनक्स कॉम्प्युटरचा अगदी हलका वापर करणाऱ्यांना सोयीचं पडतं, आणि त्यात मनापासून रस असणाऱ्यांना. मधल्यांची, म्हणजे धंद्यासाठी दोन-तीन ठरावीक प्रोग्रामवर अवलंबून असणाऱ्यांची, त्यात ओढाताण होते. आपण किती हुशार आहोत याच्याशी त्याचा संबंध नाही. आपलं काम कशात अडकलं आहे याच्याशी आहे.

४. घरात मराठी, कचेरीत हिंदी

धार-देवासच्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते, आणि पुण्या-मुंबईची पुस्तकं तिच्याकडे पाहत नाहीत. आजी पुण्याच्या बहिणीला मराठीत लिहिते, नातू मध्य प्रदेश सरकारच्या सीपीसीटी परीक्षेसाठी हिंदी टायपिंगचा सराव करतो, आणि वडिलांकडे कचेरीतून आलेल्या फाइली कृतिदेवमध्ये असतात. लिनक्स हे सगळं पेलेल का?

युनिकोडपासून सुरुवात करू. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा एक क्रमांक असतो. 'भ' चा क्रमांक फोनवर, विंडोजवर, लिनक्सवर तोच. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी-हिंदी लिनक्सवर जसंच्या तसं दिसतं. त्यासाठी पुण्यातही बरंच काम झालं आहे: रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने आलेले मोफत 'लोहित' फाँट तिच्या पुण्याच्या कार्यालयातून वर्षानुवर्षं सांभाळले गेले. धारला लागूनच असलेल्या रतलाम जिल्ह्यातलं नावही इथे घ्यायला हवं. रविशंकर श्रीवास्तव, म्हणजेच 'रवि रतलामी', यांनी वीज मंडळातली नोकरी सोडल्यावर लिनक्सचे मेनू आणि संदेश हिंदीत आणण्याच्या कामाला वाहून घेतलं. लिनक्समध्ये हिंदी आली ती दिल्लीच्या एखाद्या कंपनीतून नव्हे. माळव्यातल्या एका घरातून तिला मोठा हातभार लागला.

टायपिंगसाठी सेटिंगमध्ये कीबोर्डचा मांड, म्हणजे कळांची मांडणी, निवडायची. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून लिहायची सवय असेल, तर तशीही सोय आहे. एक उदाहरण घेऊ. 'दुसऱ्या' हा शब्द हिंदी पद्धतीने लिहिला तर 'दुसर्या' होतो आणि मराठी डोळ्याला खटकतो. इनस्क्रिप्टमध्ये 'स' नंतर शिफ्ट धरून 'जे' ची कळ दाबा, म्हणजे 'ऱ' येतो; मग 'डी' ने हलन्त आणि तिरक्या रेघेच्या कळीने 'य'. 'ऱ्य' नीट उमटतो. 'ळ' शिफ्टसह 'एन' वर आहे. आजी आणि नातू दोघांना इनस्क्रिप्ट येत असेल तर एकच मांड दोघांना पुरतो.

सीपीसीटीसाठी मात्र सावध राहा. तिथे हिंदीसाठी इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल असा पर्याय असतो. रेमिंग्टन निवडणार असाल तर लिनक्समधला रेमिंग्टन मांड आणि परीक्षेतला मांड कळीगणिक जुळतो का, ते कागदावर ताडून पाहा. वेगाच्या परीक्षेत दोन कळांचा फरक महागात पडतो.

कृतिदेवची गोष्ट वेगळी आहे. तो युनिकोडचा फाँट नाही. त्यात 'भारत' लिहायचं तर इंग्रजीतली एच, के, के, जे, आर ही अक्षरं दाबतात आणि फाइलमध्येही तीच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. एच आणि के मिळून 'भ' दिसतो, पुढचा के काना होतो, जे म्हणजे 'र' आणि आर म्हणजे 'त'. देवनागरी दिसते ती फक्त फाँटमुळे. फाँट नसेल तर विंडोजवरही ती फाइल इंग्रजीतली बडबड वाटेल. म्हणजे हा दोष लिनक्सच्या माथी मारता येत नाही. फाँटची फाइल मशीनवर बसवली की लिबरऑफिस ती फाइल उघडतं. आणि कायमचा इलाज हवा असेल तर असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. जुनी कागदपत्रं तेवढ्यासाठी तरी बदलून ठेवावीत.

एक बारीक त्रास सांगून ठेवतो. विंडोजवर मंगल किंवा कोकिला फाँटमध्ये एका पानात बसवलेला अर्ज लिनक्सवर उघडला आणि तो फाँट तिथे नसला, की त्याच्या जागी दुसरा फाँट येतो. ओळी सरकतात, आणि 'आपला विश्वासू' दुसऱ्या पानावर एकटाच जाऊन बसतो. म्हणून अंतिम प्रत नेहमी पीडीएफ करून पाठवावी.

५. प्रिंटर आणि वाय-फाय

नवीन माणूस लिनक्सला वैतागतो तो बहुतेक वेळा प्रिंटरपायी. यंत्राला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. विंडोजचा ड्रायव्हर बहुतेक कंपन्या स्वतः देतात. लिनक्ससाठी काही देतात, काही नाही.

आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी दिसणारे दोन लेझर प्रिंटर घेऊ. एचपी लेझरजेट १०२० मध्ये स्वतःचं सॉफ्टवेअर कायमचं साठवलेलं नसतं. प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरकडून त्याला द्यावं लागतं. लिनक्सवर एचपीचंच 'एचपीलिप' हे पॅकेज आणि त्याचं जोडपॅकेज बसवलं की काम होतं, पण हे ठाऊक नसलेला माणूस 'प्रिंटर दिसतोय, छापत नाही' म्हणून दिवस घालवतो. कॅननचा एलबीपी २९०० स्वतःची वेगळी भाषा बोलतो. लिनक्सवर तो बसवणं खटपटीचं आहे. चालतो, पण नवशिक्याने एकट्याने हात घालू नये. याउलट, वाय-फायवरून फोनमधून थेट छापणारे अलीकडचे बरेच प्रिंटर लिनक्सवर काही न बसवताही ओळखले जातात. फोनवरून छापता येतं तर लिनक्सवरूनही येण्याची शक्यता दाट, असा ढोबळ आडाखा धरा.

वाय-फायच्या बाबतीत इंटेलची चिप असेल तर सहसा अडत नाही. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं! अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट तात्पुरतं वापरा.

६. तीन घरांचा हिशेब

पहिलं घर देवासचं. समजा निवृत्त जोडपं आहे, २०१५ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी मेमरी आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क. कामं: वर्तमानपत्रं, बँक, मुलांशी व्हिडिओवर बोलणं, कुमार गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणं, कधीतरी एखादा अर्ज. सगळी कामं पहिल्या-दुसऱ्या गठ्ठ्यात बसतात. इथे लिनक्स मिंट उत्तम. मात्र नुसतं लिनक्स टाकून लॅपटॉप पळायला लागेल ही आशा नको. आजकालच्या वेबसाइटच जड झाल्या आहेत, आणि जुनी हार्डडिस्क त्यांना पुरी पडत नाही. आधी डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, जमल्यास मेमरी ८ जीबी करा. हा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे फारच थोडा आहे आणि मशीनला आणखी काही वर्षं मिळू शकतात.

दुसरं घर धारचं. मुलीला बारावीत मध्य प्रदेश मंडळाच्या परीक्षेत ७५ टक्क्यांवर गुण मिळाले आणि सरकारच्या योजनेतून लॅपटॉपसाठी २५,००० रुपये खात्यात आले. २०२५ मध्ये अशा ९० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ही रक्कम मिळाली. या पैशात इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली की दुकानदार 'डॉस लॅपटॉप' दाखवतो: विंडोजशिवाय विकला जाणारा, म्हणून काही हजारांनी स्वस्त. पुढे तोच म्हणतो, "विंडोज मी टाकून देतो." ही फुकटची विंडोज बहुतेक वेळा क्रॅक केलेली असते. परवाना मोडायला जो प्रोग्राम वापरतात, तोच सुरक्षेचे दरवाजे उघडे ठेवून जाऊ शकतो. रीतसर विंडोज ११ होम वेगळी घ्यायची तर किंमत दहा हजारांच्या घरात जाते.

तेव्हा मुलगी काय शिकणार आहे ते आधी पाहा. कॉम्प्युटर सायन्स असेल तर डॉस लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट टाकून वाचलेले पैसे जास्तीच्या मेमरीवर खर्च करणं शहाणपणाचं. सी, पायथन, डेटाबेस सगळं तिथे सहज मिळतं आणि पुढे नोकरीत सर्व्हरवर लिनक्सच भेटतं. बी.कॉम. असेल तर टॅली लागणार. सिव्हिल किंवा मेकॅनिकल असेल तर ऑटोकॅड लागणार. मग विंडोज आधीपासून असलेलाच लॅपटॉप घ्यावा. शिवाय काही ऑनलाइन परीक्षांचे आणि नोकरीच्या चाचण्यांचे देखरेख करणारे प्रोग्राम फक्त विंडोज-मॅकवर चालतात. त्यासाठी ड्युअल बूट किंवा कॉलेजची लॅब हाताशी असावी.

तिसरं घर म्हणजे खरं तर दुकान. धान्याचा व्यापारी, टॅलीवर हिशेब, दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न, सीए इंदूरला. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं आणि एकट्या मालकाच्या धंद्याला मोबाइलवरच्या ओटीपीने रिटर्न भरता येतं, पण टॅली अडतं. टॅली सोडून दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं तर सीएकडे पाठवायची फाइलच वेगळी होते. इथे लिनक्स नको. विंडोज ११ चालणारं, रीतसर परवान्याचं मशीन घ्या आणि त्याचा खर्च धंद्यात धरा.

७. न पुसता करून पाहा

लिनक्सची एक मोठी सोय दुकानदार सांगत नाही: बसवण्याआधी ते वापरून पाहता येतं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. पद्धत अशी.

पहिलं, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवा.

दुसरं, विंडोजवर रूफस किंवा बलेनाएचर या मोफत साधनाने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.

तिसरं, कॉम्प्युटर बंद करा, पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा. कंपनीगणिक ही कळ वेगळी असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

चौथं, आता मिंट पेनड्राइव्हवरून चालतंय, डिस्कला त्याने हात लावलेला नाही. वाय-फाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा पाहा, प्रिंटरवर एक पान छापा, मराठीत चार ओळी लिहा, बँकेचं संकेतस्थळ उघडा. लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करा. काही मॉडेल इथे अडखळतात. या अवस्थेत वेग कमी वाटेल, तो पेनड्राइव्हमुळे. त्यावरून मत बनवू नका.

सगळं जमलं तरच पुढे जा, आणि त्याआधी फोटो व कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. बसवताना 'पूर्ण डिस्क पुसून टाका' आणि 'विंडोजशेजारी बसवा' असे दोन पर्याय येतात. घाईत पहिला निवडून वर्षानुवर्षांची छायाचित्रं गमावणारे कमी नाहीत. विंडोजमध्ये बिटलॉकर ही डिस्कला कुलूप लावणारी सोय चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. ती नसेल तर पुढे विंडोजच कुलूपबंद होऊन बसण्याची भीती असते.

आणि व्हायरसचं? विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस लिनक्सवर सहसा चालत नाहीत, आणि दुरुस्त्या एकाच ठिकाणाहून वेळेवर येतात, हे खरं. पण "तुमचं वीज कनेक्शन आज रात्री कापलं जाईल" असा फोन करून ओटीपी मागणाऱ्याला तुमच्याकडे कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिथे लिनक्स वाचवत नाही.

८. केरळने काय केलं, म्युनिकचं काय झालं

हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेल्यांचा अनुभव काय सांगतो? केरळच्या सरकारी शाळांनी २००० नंतरच्या दशकात फ्री सॉफ्टवेअरकडे वाट वळवली. २०१९ मध्ये राज्याने शाळांतल्या दोन लाख कॉम्प्युटरसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती दिली आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं. पण पैशापेक्षा बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. तिथे शिक्षकांना आधी शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्याच प्रोग्रामवर लिहिली, परीक्षाही त्याच प्रोग्रामवर घेतली. ज्याला अडचण येईल त्याच्या शेजारच्या खोलीत तीच सिस्टीम वापरणारा दुसरा माणूस होता.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० कॉम्प्युटर त्यावर नेले. तरीही २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. राजकारण होतं, तसंच बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवघेव करतानाची रोजची कटकटही होती. सिस्टीम तीच, यंत्रंही साधारण तशीच. सभोवतालचे लोक काय वापरतात, यावर बरंच काही ठरलं.

धार-देवासच्या घरालाही हेच लागू पडतं. विंडोज अडली तर चौकातला कोणताही मेकॅनिक बसल्याजागी फॉरमॅट मारून देतो. लिनक्स अडलं तर? भाचा इंदूरला परत गेलेला असतो. म्हणून बसवून देणाऱ्याने तीन कामं करूनच निघावं: आपोआप दुरुस्त्या घेण्याची सोय चालू करावी, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, आणि दुरून स्क्रीन पाहून मदत करण्याचं एखादं साधन बसवून ते एकदा चालवून दाखवावं.

९. मग ठरवायचं कसं?

आठवड्याची यादी समोर घ्या. सगळी कामं पहिल्या दोन गठ्ठ्यांत बसली, लाइव्ह सेशनमध्ये प्रिंटर आणि वाय-फाय चालले, आणि अडल्यास फोन करायला एक माणूस आहे, तर लिनक्स खुशाल टाका. तिसऱ्या गठ्ठ्यात एखादं काम आहे, पण ते वर्षातून दोन-चारदाच लागतं, तर ड्युअल बूट ठेवा. विंडोज १० तिथे ठेवलीत तर तिच्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या एखाद्या कामावर घराचं पोट चालत असेल, तर विंडोज ठेवा, रीतसर परवान्याची ठेवा, आणि त्यात कमीपणा मानू नका.

शिकायची हौस असेल तरी सुरुवात त्या मशीनपासून नको ज्याच्यावर उद्या सकाळी काम आहे. विंडोज ११ ने नाकारलेला, माळ्यावर जाणार असलेला लॅपटॉप खाली काढा आणि पहिला प्रयोग त्याच्यावर करा. फसलं तर काही जात नाही, आणि जमलं तर घरात एक चालतं मशीन जास्तीचं होतं.